काळ्या मण्याचं भाषांतर

ते नऊ दिवसांसाठी आले होते,
एकसारख्या निळ्या टी-शर्टात, बारा जण,
आणि मी, लिम्बिकानी, शाळेचा मास्तर,
त्यांचं तोंड झालो होतो.
ते बोलायचे, मग मी चिचेवात.
मधल्या श्वासाएवढी जागा तेवढी माझी.

बाओबाबखाली एकेचाळीस पोरं.
मलावी सरोवराच्या काठावरून
सुकत्या उसिपाचा वास येत होता.
पाहुण्यांनी नाकं मुरडली नाहीत, हे सांगायलाच हवं.
लोर्ना त्यांच्यात सगळ्यात लहान, एकोणीसची,
उन्हानं मान भाजलेली.
तिनं पिशवीतून दोरे काढले, मणी काढले:
पाच रंगांत सगळं शुभवर्तमान.

म्हणाली, काळा म्हणजे पाप.

मी थांबलो.
समोर ओंजळी धरलेल्या,
एकेचाळीस जोड काळे हात.
सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका चमूसाठी
हेच वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं
आणि रात्री मुलाला न्हाऊ घालताना
त्याच्या पाठीवर माझा हात थबकला होता.

या वेळी म्हणालो, काळा म्हणजे रात्र,
दिवा नसलेली.
लबाडीच ती. लहानशी. देव ऐकत होता.

झियोने उठून उभी राहिली.
‘मग चांगला की वाईट?’
का गं?
‘चांदणं असलं की बाबा रिकामे येतात.
अंधार मिट्ट हवा,
तरच होडीतल्या दिव्याला भुलून उसिपा वर येते.
काळ्या रात्रीवर तर आमची चूल चालते.’

काय म्हणतेय ती, लोर्नानं विचारलं.
आता सगळंच सांगणं आलं:
पोरीचं म्हणणं,
आणि मी पोरांपासून लपवलेलं तिचं वाक्य.
मान आधीच लाल होती, आता कानही.
वाटलं, रडेल. नाहीतर घाईनं पुढचा मणी उचलेल.
ती खाली मातीत बसली, पोरांच्या ओळीत,
आणि म्हणाली, तिला विचारा ना,
बाकीचे तिला कसे दिसतात.

लाल म्हणजे निखारा.
पांढरा, ताटव्यावर वाळत घातलेली मासळी.
पिवळा, बाबांचा दिवा, परतताना.
हिरव्यापाशी ती बराच वेळ अडली.
‘हा नुसताच छान आहे.’

मागून फात्सानी ओरडला,
‘आणि येशू कुठल्या मण्यात?’

लोर्नाकडे छापील उत्तर असणार.
ते तिनं दिलं नाही.
रात्रभर जाळं टाकून हात हलवत परतलेल्या
कोळ्यांची गोष्ट तिनं सांगितली,
पहाटे काठावर कुणीतरी पेटवलेले निखारे,
त्यावर मासा, आणि थकलेल्यांना न्याहारीचं बोलावणं.
मी शब्दही इकडचा तिकडे केला नाही.
लहानपणापासून ऐकलेली गोष्ट,
तरी माझाच आवाज मधेच दाटला.

‘कुठला मासा?’ पोरांनी विचारलं.
तिला माहीत नव्हतं.
चांबो, पोरांनी ठरवून टाकलं,
पाहुण्याला कुणी उसिपा वाढतं का.

संध्याकाळी ड्वाइटनं कागद पुढे केला:
किती मुलांनी प्रभूचा स्वीकार केला?
मी म्हटलं, हात एकतीस वर झाले,
पण बरेचसे सरबतासाठी.
त्यानं एकतीस लिहिलं. खोडलं.
डोकं खाजवलं, पुन्हा एकतीस लिहिलं.
वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणाला तरी हिशेब द्यायचा होता.

ट्रक गेला त्याला आता वर्ष होईल.
निळे टी-शर्ट बाजारात दिसतात, कोपरांवर विरलेले.
झियोनेचा दोरा तुटला, मणी वाळूत गेले;
काळा तेवढा सापडला,
तो तिनं बाबांच्या जाळ्याच्या कडेला ओवलाय.

अमावस्येला कधीकधी मी काठावर जातो.
होड्यांचे दिवे एकेक करून लांब जातात.
प्रार्थना सुरू करतो,
शब्द कुठल्या भाषेतले घ्यावेत कळत नाही,
म्हणून नुसता उभा राहतो.
खाली, अंधारात, मासळी वर येत असते.