वीस अंश उजवीकडे

बोलिव्हरपासून ह्यूस्टनपर्यंत चाक माझ्या हातात.
चाक कसलं, जेवणाच्या ताटलीहून लहान.
त्याच्या टोकाला दोनशे सत्तर मीटर लोखंड,
पोटात कच्चं तेल,
तळाखाली पुरुषभरसुद्धा पाणी नाही.

पायलट थिबोडोबाई साठीच्या.
काखेत थर्मास, नजर पुढच्या बोयांवर.
"पोर्ट टेन," म्हणतात.
"पोर्ट टेन," म्हणतो मी.
काटा दहावर जातो. जहाज जात नाही.

पहिल्या वर्षी असाच घाबरून
मी न विचारता पंधरा दिलं होतं,
आणि मग जे वळायला लागलं ते थांबेचना.
ऐकू गेलं नाही असं समजून
आपण दुसऱ्यांदा ओरडतो,
आणि माणूस तर पहिल्याच हाकेला निघालेला असतो.

बाबा जयगडच्या खाडीत होडी वळवायचे
वल्ह्याच्या एका हिसक्यात, ओठातली विडी न हलवता.
इथे वळण दिसायच्या आधीच
ते मोडायचं कधी, हे ठरवून ठेवावं लागतं.
आणि नाळ वळतेय असं वाटतं तेव्हा
खरी सरकत असते पिछाडी,
उलट्या अंगाला, माझ्या पाठीमागे.

अ‍ॅटकिन्सन बेटाच्या अलीकडे समोरून एक येतं,
रिकामं, म्हणून उंच.
नाळेसमोर नाळ.
आधी सरेल तो चिखलात,
म्हणून कोणीच सरत नाही.
रेडिओवर तिकडचा पायलट विचारतो, नातू कसा आहे?
"दात येतायत," बाई सांगतात,
आणि थर्मासचं झाकण घट्ट बसवतात.
मी समोरच्याच्या नांगरावरचा गंज बघतोय.

"स्टारबोर्ड ट्वेंटी."
"स्टारबोर्ड ट्वेंटी."
काही नाही.
काही नाही.
मग मधलं पाणीच फुगतं,
दोन्ही नाळांना खांदा देऊन बाजूला सारतं,
आणि पिछाड्या समोरासमोर आल्या की
तेच पाणी आम्हाला परत मध्ये ओढून घेतं.
बाई पुटपुटतात, "मिडशिप्स,"
जणू कुणाला झोप लागलीय.

पलीकडच्या कठड्याशी
बनियनवर एक पोरगा, संत्रं सोलत.
आमच्यात एका गल्लीएवढं अंतर.
तो हात वर करतो.
माझे दोन्ही हात चाकावर.

बेटावरचे पेलिकन मागे पडले.
बेटाऊनच्या चिमण्यांवरच्या ज्वाला दिसायला लागल्या,
बाईंनी झाकणात कॉफी ओतली,
तेव्हा कुठे माझा उजवा हात
चाकावरून चार बोटं वर उचलला गेला.