ताळगाव पठारावर तपासणी

अर्जावर सदतीस रकाने.
बार्रेटो बाई खुणा करत पुढे सरकतात:
धूर ओढणारं कपाट, चालू.
अग्निशामक, मुदत मार्चमध्येच संपली.
वाळूच्या बादलीत
कुणीतरी काजूची टरफलं टाकलीत.

डोळे धुवायच्या नळापाशी थबकतात.
खाऱ्या वाऱ्यानं इथं
कुलपंसुद्धा वर्षभरात गंजतात,
आणि हा नळ लख्ख. पाणी नितळ.
"नवा बसवला?"
"ना बाई, जुनोच," फोंडू म्हणतो.
"दर शनवारी सोडतो.
तांबडं सरेपर्यंत."

कुणी सांगितलं होतं?
तसा रकाना नाही.

फोंडूची डावी पापणी
अर्धीच मिटते.

बाई पेनाचं टोपण लावतात,
नळ पुन्हा सोडतात,
आणि विनाकारण
ओंजळ धरून उभ्या राहतात.