पन्नास हात

दंडोबाच्या पायथ्याला आमची शाळा,
दोन खोल्या, एक निंब, पट सतरा.
वीसच्या आत पट आला की वरनं कागद येतो म्हणे,
कुलपाचा.

मेटकरी गुरुजी आला तवा वाटलं,
ह्योबी बदलीची वाट बघत बसंल.
त्यानं पयल्याच आठवड्यात पोरं बाहेर काढली,
निंबाची उंची काढायला लावली:
एक काठी, तिची सावली आणि त्रैराशिक.
मग वड्याचा नकाशा.
मग रेहान शिकलगारनं वारा बघून
तीन धोंड्यांची चूल मांडली
आणि अख्ख्या शाळेचा भात करपवला.
गुरुजी म्हणाला, करपला का?
मग लिहा वहीत, का करपला.

सभेत यशोदा गडदेनं इचारलं,
पोरगं पडलं तर?
गुरुजी जरा गप झाला.
"पडंल कदाचित. गुडघा फुटंल.
म्हणून तर दोर पायजे,
आन् दर शनवारी दोन मोठी माणसं."

शनवारी येळ कुणाला?
बागांची छाटणी चाललेली.
डेअरीच्या आप्पानं सतरा शिट्ट्या दिल्या,
चौघांनी पैसं दिलं, एकानं नुसता सल्ला.
माझ्याकडं काय हाय?
बांधावर घायपात हाय, आन् हात.

बारा दिस डबक्यात कुजवला.
वास असा की सून दोन येळा जेवली न्हाई.
ठेचला, धुतला, वाख वाळवला,
मांडीवर पीळ देत गेलो, तीन पदरी.
जलमभर हेच तर केलं:
कासरा, दावं, नाडा, मुसकी.
माझा बा शाळंला झेंड्याचा दोर द्यायचा दरसाल.
पायरीवर ठेवायचा.
आतनं कुणीतरी येऊन उचलून न्यायचं.
झेंडा वर गेलेला तो रस्त्यावरनं बघायचा.

मी पायरी चढून आत गेलो.
हे सांगायचं नव्हतं, आलं तोंडात.

गुरुजीनं दोर ताणला, स्वतः लोंबकळून बघितला.
"यलाप्पा, ह्याला लेकरू टांगायचं न्हाई.
टांगायला मिरजेचा नायलॉन.
ह्यो धरून चढायला."
राग आला मला.
रातच्याला वाटलं,
खरं बोलणारा मास्तर बरा.

शनवारी घसरणीच्या वर
बाभळीला दोन वेढे, शेपूट माझ्या मुठीत.
खालच्या टोकाला माझी नात, तेजल.
साठ वरसं दोर वळला,
पर दुसऱ्या टोकाला काय असतं
ते हाताला कधी कळलं नव्हतं.
बैल ओढतो तवा दोर नुसता रागावतो.
ह्यो थरथरत होता, थांबत होता, इचार करत होता.
माझ्या ओठावर आलं, डावा पाय, डावा पाय ठेव!
पर गुरुजीनं बजावलेलं,
वरनं सांगायचं न्हाई, तिचं तिला बघू द्या.
दात आवळून उभा राहिलो.

एकाएकी दोर ढिला पडला.
पोटात खड्डाच पडला माझ्या.
आन् काठावर तिचं डोस्कं दिसलं,
धुळीनं माखलेलं, नाक पुशीत.
शेवटची चार पावलं
तिनं दोर सोडला होता.

सोमवारी शाळंनं पावती दिली:
दोर, पन्नास हात.
तेजल म्हणाली, चूक हाय.
पटांगणात दोर पसरला,
कोपरापासनं बोटापतुर
रांगत रांगत मोजत गेली.
"चौसष्ट भरला, गुरुजी."
म्हणलं, अगं, माझ्या हातानं पन्नास!
रेहान म्हणाला, मग खरा हात कुणाचा?
तास तिथंच सुरू झाला.
मी उठायला लागलो, तर मलाबी बसवलं.

पावती कुणी खोडली न्हाई.
खाली पोरीच्या अक्षरात लिवलंय:
पन्नास हात आज्जाचे,
चौसष्ट हात माझे.
पुढच्या वरसी परत मोजायचा.