कळतंय?

फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाल्या,
हा हाडाचा नव्हे, छातीतलाच.
नऊ वर्षांनी मणक्यात बिऱ्हाड केलंय, इतकंच.

म्हणजे आपल्यासारखंच, सुगंधा मला म्हणाली,
जन्म गेला परळात,
पण गाव विचारलं की आपण देवगडच सांगतो.
डॉक्टर हसल्या.

वाकायचं नाही. बादली उचलायची नाही.
पाय बधिर वाटले, लघवी अडली,
तर रात्री दोनलाही निघून यायचं.

म्हणून रोज झोपताना
बॉलपेनचं टोपण ओढतो तिच्या तळव्यावरून,
टाचेकडून वर.
कळतंय?
कळतंय.
आणि इथे?
कळतंय हो, सगळं कळतंय.
दिवा घालवा आता.

डाव्या करंगळीचं
मी विचारतच नाही.