इर्जिक

पाद्री वर्षातून एकदा येतो, होडीनं,
समुद्राची मर्जी असली तर.
आमचं बेट चिलोएच्या पाठीमागं, नकाशावर शाईच्या ठिपक्याएवढं.
बाकीचे रविवार आमचे आम्हीच.
वडिलांचा हात कापायला लागला, तशी वही माझ्याकडे आली,
निळ्या पुठ्ठ्याची, कडेला मेणाचे डाग.
ज्याला जे हवं ते त्यानं दाराशी सांगायचं.
मी लिहून घेते, मग सगळे मिळून मागतो.

एर्मोसिनाच्या गुडघ्यांसाठी.
लिंदोरच्या बटाट्यावर करपा पडू नये म्हणून.
नोल्बेर्तोला ऊन हवंय, गवत कापून पडलंय;
बांधापलीकडच्या बार्रियांना पाऊस, विहीर आटली.
दोन्ही लिहिते, एकाखाली एक.
निवाडा करणं माझं काम नाही.

जानेवारी म्हणजे आमचा उन्हाळा,
तरी धुक्यानं भिजलेल्या लोकरीचा वास येतो,
छपराच्या लाकडी कौलांतून वारा शिळ घालतो.
अठरा माणसं, एक कुत्रा.
प्रार्थना कुणालाच धड पाठ नाही;
एक अडखळला की दुसरा शब्द उचलून धरतो.

आमच्याकडे घर हलवतात. अख्खं, चुलीसकट.
खाली ओंडके, पुढं बैलजोड्या, आणि दोराला सगळा गाव.
ज्याचं घर, त्यानं फक्त जेवू घालायचं.
लहानपणी विचारलं होतं वडिलांना,
आपलं नाही ते घर का ओढायचं?
म्हणाले, दोर धर, कळेल.
कळलं काही नाही. तळहात तेवढे सोलले.

चार महिने पहिल्या ओळीत एकच नाव होतं,
एदुविनाचा एलिसेओ.
आधी 'सुखरूप यावा' असं लिहिलं,
मग 'सापडावा',
मग नुसतंच नाव.
किती ओढला आम्ही दोर. घर तसूभर हललं नाही.
पेन्सिल माझ्याच हातात होती,
पण त्या नावावर रेघ मारायची छाती झाली नाही.

गेल्या रविवारी ती स्वतः आली.
पायरीवर बूट घासले, वही मागितली.
मला वाटलं, आता खोडणार.
तिनं पोराच्या नावाकडे पाहिलं नाही.
खाली लिहिलं, पाटीवर गिरवावं तसं सावकाश:
'फाबियान चिग्वाय. त्याच बोटीवरचा स्वयंपाकी.
तो वाचला. त्याला झोप येत नाही.'

वाचताना माझा आवाज बसला.
लिंदोरनं ओळ उचलली. मग एर्मोसिनानं,
डॉक्टरनं टेकू नका म्हटलेले गुडघे
खुशाल टेकून.
फाबियानला आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही.

तीन बेटं पलीकडं तो त्या रात्री झोपला का, ठाऊक नाही.
ओळ वहीत तशीच आहे.
आम्ही बाहेर आलो तेव्हा
नोल्बेर्तोच्या गवतावर पाऊस पडत होता
आणि तो बार्रियांना सांगत होता,
"घ्या, तुमचा आलाय."