अकरा सेकंद

डाबरे मॅडम येऊन बसल्या शेवटच्या बाकावर,
मांडीवर वही, हातात पी.टी.च्या सरांकडे असतं तसलं स्टॉपवॉच.
विभागप्रमुख म्हणाले होते, तपासणी नाही हो,
साहाय्य आहे. अध्यापन-साहाय्य.
मी हसलो होतो. सत्तावीस वर्षं
संख्याशास्त्र शिकवतोय कालिन्यात,
मला आता कोण कशाला हात देणार.

त्या दिवशी जरा जास्तच छान शिकवलं.
म्हणजे शर्ट इस्त्रीचा, खडू नवा,
फळ्यावरचे सिग्मा एका रांगेत
आणि तो नेहमीचा विनोद,
ज्याला दर वर्षी तिसऱ्या बाकापर्यंतच हसतात.

तास संपल्यावर कँटीनमध्ये
त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.
मला वाटलं, माझ्याबद्दल काही असेल.
नुसते आकडे होते.

'समजलं का?' चौदा वेळा.
त्यानंतर वाट पाहिली: दोन सेकंद. दोन. दीड. दोन.
एकदा तर शून्य, उत्तरही मीच दिलं होतं, 'समजलं.'
खाली वेगळ्या शाईत:
विमान गेलं तेव्हा थांबले, अकरा सेकंद.

मी म्हटलं, नमुना लहान आहे मॅडम,
एका तासावरून काय निष्कर्ष काढणार?
'खरंय,' त्या म्हणाल्या, 'गुरुवारी परत येते.'
चहात विरघळलेली खारी चमच्याने शोधत राहिल्या.
मग उठता उठता,
'विमानाला तर तुम्ही काही विचारलंही नव्हतं.'

गुरुवारी विचारलं, आणि थांबलो.
अकरा सेकंद केवढे लांब असतात
ते फळ्याकडे पाठ करून उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
तिसऱ्याला पंखा ऐकू आला.
पाचव्याला स्वतःचे हात, कुठे ठेवू कळेना.
सातव्याला कुणीतरी पेनाचं टोपण लावलं.
नवव्याला मी बोलणारच होतो,
मागून मॅडमनी नुसती मान हलवली. नाही.

आणि योगिता वरठा उठली.
जव्हारची. हॉस्टेलला राहते.
दोन सत्रांत तिचा आवाज 'प्रेझेंट'पुरता ऐकलेला.
इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली.
म्हटलं, मराठीत विचार गं.

'सर, रेषेपासून जो ठिपका लांब पडतो
त्या अंतराला आपण एरर का म्हणतो?
चूक ठिपक्याची असते, की रेषेची?'

कुणी हसलं नाही.
सत्तावीस वर्षं मी तो लिहितोय,
समीकरणाच्या उजव्या टोकाला, अधिकच्या चिन्हानंतर
छोटासा एप्सिलॉन,
हिशेब जुळवायला वाण्याने ठेवलेल्या चिल्लरीसारखा.
उत्तर पुस्तकात आहे. पाठ आहे.
तोंडाशी आलं, आणि गिळलं,
कारण ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं होतं.

'तुम्हाला काय वाटतं?' म्हणालो.
पुन्हा थांबलो. या वेळी मोजलं नाही.
अर्शद म्हणाला, रेषेची. रेषा आपण काढलीय, ठिपका होताच.
पहिल्या बाकावरची मुलं त्याच्यावर तुटून पडली.
घंटा झाल्यावरही भांडत जिन्यापर्यंत गेली.

पोर्शन दोन तास मागे पडलाय.
डिसेंबरात पेपर आहे, त्यात
असलं काही कुणी विचारणार नाही.
मूल्यमापनाच्या फॉर्मवर एक ते पाचपैकी एकाला गोल करायचा,
कुठेच जागा नाही लिहायला, की
फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून
'पुसू नये' म्हणून ठेवलेल्या त्या दोन ओळी
सफाईच्या कौसल्याताईंनी तीन आठवडे तशाच ठेवल्यात,
भोवतीचा फळा रोज लख्ख.

काल पुन्हा विमान आलं, अगदी खालून.
मी थांबलो. सवयीने सगळ्यांनी वर पाहिलं.
योगिता वहीत ठिपके मांडत होती.
रेषा अजून काढली नव्हती तिने.