पासंग

आता त्याला मापाडी म्हणतात लोक, डोळे मिटून,
जणू हा शब्द वरून कुठून उतरला.
आम्ही सगळेच मापाडी होतो
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात.
परवाना, बिल्ला, कानामागे पेन्सिल,
आणि गोणीवर हलकेच टेकलेला अंगठा,
ज्याचे पैसे व्यापारी वेगळे देई.

गेनू शेळकंदेने अंगठा कधी टेकला नाही.
हे आधीच सांगतो. पुढचं ऐकल्यावर
कुणाला खरं वाटणार नाही.

मुलगी झाली ती नऊशे ग्रॅमची.
वाशीच्या पालिका रुग्णालयात, काचेच्या पेटीत अकरा दिवस.
हा रोज नर्सला विचारी, किती भरली आज?
बाराव्या दिवशी कामावर आला,
एकशे चाळीस गोण्या तोलल्या,
एकाही पट्टीत खाडाखोड नाही.

मग एका रात्री, गाळे बंद झाल्यावर,
बबन हमालाला त्याने काट्यावर उभं केलं.
म्हणाला, यातलं तीन किलो तुझं नाही. कुणाचं आहे?
बबन मटकन खाली बसला.
आळेफाट्याकडचे वीस गुंठे,
दारू पाजून, भावाचा अंगठा उठवून घेतलेले,
कांद्याच्या सालींवर ओकला सगळे.

तिथून सुरू झालं.
आधी सानपाड्याच्या पुलाखाली,
मग महाप्याला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात.
शरीर म्हणजे बारदान, तो सांगे,
आत माल किती ते बोला.
बोलणं आमचंच, बाजाराचं,
पण गळ्यात ऑफिसचं कार्ड घातलेली माणसं
ते वहीत उतरून घेत.
काट्याशेजारी एक पिंप. त्यात चाव्या, बांगड्या,
एकदा तर घणसोलीच्या घराचं वाटपपत्र.
माझ्या बायकोची मोहनमाळही त्यातच गेली.
मी भांडायला गेलो, तर म्हणाला, चढ.
चढलो.
काट्याकडे बघितलं. तुझा अंगठा जड आहे, म्हणाला,
आणि पुढच्याला हाक मारली.

ऐरोलीच्या त्या मुलाला, कौस्तुभला,
शून्य व्हायचं होतं.
कुणी सांगितलं त्याला? गेनू म्हणतो, मी नाही.
मुलाची आई म्हणते,
थांब तरी म्हणालास का?
शेवटी एकतीस किलो भरला.
रोजचा आकडा तारखेसकट वहीत,
गेनूच्याच सुवाच्य अक्षरात.

अटक झाली. चॅनेलच्या गाड्या आल्या,
एक मोर्चा इकडून, एक तिकडून.
वजनमापे निरीक्षक शिक्क्याची वजनं घेऊन आला,
काटा तपासला तर
प्रत्येक तोलात बरोबर नऊशे ग्रॅम कमी.
आत, पासंगाला, शिशाचा तुकडा.
निरीक्षकाने लिहिलं, फसवणूक.
मी मनात म्हटलं, कडता.
तुम्ही सोबत काम केलंय, हे कशासाठी असेल?
माहीत नाही, साहेब.
अंगठा उमटवला नाही मी, सही केली.

काटा आता चौकीच्या आवारात असतो,
जप्त मोटारसायकलींच्या मधे.
शिसं आतच ठेवलंय, पुरावा म्हणून.
येता-जाता एखादा हवालदार वर उभा राहतो,
पोट आत घेतो, आकडा बघतो,
आणि जरा खूश होऊन उतरतो.